वर टाकलेली पाचवी चिमणी

सामान्य काळातील बारावा रविवार, वर्ष अ
शुभवर्तमान : मत्तय १०:२६-३३



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्या प्रेषितांना कामगिरीवर पाठवण्यापूर्वी धीर देतो. पुढे विरोध आहे, छळ आहे, कदाचित मरणही आहे, हे तो त्यांच्यापासून लपवून ठेवत नाही. इतक्या गंभीर प्रसंगी तो दाखला मात्र देतो बाजारातल्या चिमण्यांचा. एका पैशाला दोन विकल्या जाणाऱ्या चिमण्यांपैकी एकही देवबापाच्या नजरेआड जमिनीवर पडत नाही, असे तो आपल्या मित्रांना समजावून सांगतो.

हाच प्रसंग संत लूकच्या शुभवर्तमानातही आहे (लूक १२:६). तिथे भाव थोडा वेगळा आहे. दोन पैशांना पाच चिमण्या. आता हिशेब करून पाहा. एका पैशाला दोन, तर दोन पैशांना चार व्हायला हव्यात. मग पाचवी कुठून आली? ती दुकानदाराने वर टाकली! आपल्या बाजारात कोळीण मासळीचा वाटा देताना दोन बोंबील वर टाकते, भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत घालते, तसेच हे. मूळ ग्रीक ग्रंथात ज्या नाण्याचा उल्लेख आहे, ते असारियोन नावाचे तांब्याचे छोटे नाणे होते. मजुराची दिवसाची मजुरी म्हणजे एक दिनार, आणि असारियोन हा त्याचा सोळावा हिस्सा. चिमणी हे गरिबाचे अन्न होते. त्यातही ही पाचवी चिमणी अशी की तिला किंमतच नव्हती. विकणाऱ्याने ती हिशेबात धरली नाही, घेणाऱ्याने तिचे पैसे मोजले नाहीत.

आणि प्रभू सांगतो की देवाला तिचाही विसर पडत नाही.

ज्या वस्तूला किंमत नाही, तिचा हिशेब कोण ठेवतो? व्यवहारी माणूस म्हणेल, कोणीच नाही. परंतु आपल्या वसईपासून फार दूर नाही अशा एका ठिकाणी अशी माणसे आहेत, जी थंडीच्या दिवसांत पहाटे उठून, दुर्बीण गळ्यात अडकवून, विकत न मिळणाऱ्या आणि कोणाच्या मालकीच्या नसलेल्या जिवांची मोजदाद करतात. त्या माणसांकडून आजचे शुभवर्तमान समजून घ्यायला आपल्याला मदत होईल, असे आम्हांला वाटते.

ते ठिकाण म्हणजे ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य. ऐरोलीचा पूल आणि वाशीचा पूल यांच्या दरम्यान, खाडीच्या पश्चिम बाजूला हे अभयारण्य पसरले आहे. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०१५ मध्ये ते घोषित केले. क्षेत्रफळ सुमारे १,६९० हेक्टर. त्यातला निम्म्याहून अधिक भाग तिवरांचा आणि बाकीचा पाण्याचा. मालवणनंतर सागरी परिसरासाठी राखलेले हे राज्यातील दुसरे अभयारण्य. २०२२ मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसरच्या यादीत स्थान मिळाले. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला नवी मुंबई, डोक्यावरून विजेच्या तारा आणि मध्ये हा चिखल. परंतु त्याच चिखलात दरवर्षी हिवाळ्याच्या सुमारास रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. काही वर्षी त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेल्याची नोंद आहे. कच्छचे रण ही त्यांची वीण होण्याची जागा. पावसाची चाहूल लागली की बहुतेक पक्षी खाडी सोडून जातात. म्हणजे आपण हे वाचत असताना त्यांचा मोठा थवा निघून गेलेला असेल.

गेल्या हिवाळ्यात आपल्या धर्मग्रामातील काही तरुणतरुणी आणि आम्ही ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने खाडीत गेलो होतो. बोट निघते ती भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून. आपले घड्याळ तिथे चालत नाही. तिवरांचे वळण संपले आणि समोर गुलाबी पट्टा दिसला. सगळ्या बोटीतून एकच उद्गार निघाला. रोहित मान खाली घालून, वाकडी चोच पाण्यात उलटी धरून, शेवाळ गाळून खात होते. त्यांचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. पिल्लू जन्मते तेव्हा ते राखाडी असते. सगळ्यांचे मोबाइल त्या दिशेने वळले.

आमच्याबरोबर एक अनुभवी पक्षीनिरीक्षक होते. त्यांची नजर मात्र उलट्या बाजूला, चिखलाच्या कडेला होती. तिथे मूठभर आकाराचे, मातकट रंगाचे काही पक्षी तुरुतुरु धावत होते. ते तुतवार. आमच्यापैकी कोणाचेही तिकडे लक्ष गेले नव्हते. त्यांनी शांतपणे दुर्बीण लावली, ओठ हलवत मोजले आणि वहीत आकडा लिहिला. मग शेकाट्या, मग चिखल्या, मग बगळे. एका तरुणाने विचारले, “काका, फ्लेमिंगो सोडून हे कशाला मोजायचे?” ते म्हणाले, “बाळा, गणनेच्या कागदावर प्रत्येकाची वेगळी ओळ असते. तुतवाराची ओळ रिकामी ठेवली, तर पुढच्या वर्षी तो कमी झाला की नाही, हे कोणाला कळणार?”

बंधुभगिनींनो, हे उत्तर आम्हांला एखाद्या प्रवचनाइतके मोलाचे वाटले. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ सालापासून दर जानेवारीत होत आली आहे. त्यात मोजणारे बहुतेक जण साधे नागरिक असतात : शिक्षक, कारकून, विद्यार्थी, निवृत्त माणसे. २०२० साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवर एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच्या पाठीशी १५ हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदी होत्या. घरचिमणी देशभरात एकंदर टिकून आहे, पण मोठ्या महानगरांत ती कमी होत आहे, हे त्या नोंदींमुळेच कळले. कोणीतरी चिमणी मोजली म्हणून ती हरवत असल्याचे ध्यानात आले.

मोजणे मात्र नेहमीच पवित्र असते असे नाही. पवित्र शास्त्रात मोजण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत. दावीद राजाने आपल्या राज्यातील लढवय्यांची गणती केली (२ शमुवेल २४), तेव्हा त्याच्या सेनापतीलाही ती रुचली नाही. ती सत्तेची मोजणी होती : माझ्याकडे किती बळ आहे, हे पाहण्याची. कैसर औगुस्तने नावनिशी करायला लावली, तेव्हा पवित्र मारिया आणि संत योसेफ बेथलेहेमला गेले. त्यांची नोंद झाली असेल, पण त्यांना जागा मिळाली नाही. ती राज्यकर्त्याची मोजणी होती. पण शंभर मेंढरांचा मेंढपाळ संध्याकाळी मोजतो, तेव्हा त्याच्या तोंडी येणारा महत्त्वाचा आकडा नव्याण्णव नसतो. महत्त्वाचे असते ते कमी भरलेले एक. मोजतो म्हणून त्याला उणीव कळते, आणि उणीव कळते म्हणून तो शोधायला निघतो. मोजण्याचे हे दोन मार्ग आहेत : एक ताब्यात घेण्यासाठी, दुसरा विसर पडू नये म्हणून.

पक्ष्यांच्या बाबतीत हा बदल कसा घडला, याची एक गोष्ट आहे. अमेरिकेत नाताळच्या सुमारास बंदुका घेऊन निघायचे आणि जास्तीत जास्त पशुपक्षी कोण मारतो याची पैज लावायची, अशी एक प्रथा होती. पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली सुचवले की या नाताळला पक्षी मारण्याऐवजी मोजू या. त्या २५ डिसेंबरला २७ माणसे मोजायला बाहेर पडली. ती नाताळची पक्षीगणना आजही दरवर्षी होते. शांतीच्या राजाच्या जन्मदिवशी बंदूक खाली ठेवून वही हातात घेतली गेली, हे आपण ख्रिस्ती लोकांनी लक्षात ठेवावे असे आहे.

आपल्या मुंबईतही असेच घडले. लहानपणीच आईवडिलांना पारखा झालेला एक मुलगा मामांकडे वाढत होता. खेळण्यातल्या हवेच्या बंदुकीने त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. नेहमीची चिमणी अशी नसते, हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने मामांना विचारले. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. ही संस्था १८८३ सालापासून मुंबईत काम करते. तिथले सचिव मिलर्ड यांनी त्या मुलाला हाकलून दिले नाही. पक्ष्याचे नाव सांगितले आणि संग्रहातील पक्षी एकेक करून दाखवले. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले डॉ. सलीम अली. १९८५ साली त्यांनी आत्मचरित्र लिहिले, तेव्हा त्याला नाव दिले ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’, म्हणजे चिमणीचे पडणे. एक चिमणी पडली आणि ती पडल्याचे कोणीतरी नीट पाहिले. त्या पाहण्यातून एका माणसाचे आयुष्य बदलले आणि पुढे अनेक पाणथळ जागांना आणि अभयारण्यांना त्याचा लाभ झाला.

इथे थोडे तत्त्वज्ञानाकडे वळू या. संत थॉमस अक्वायनस यांनी एक प्रश्न हाताळला आहे : देवाने इतके नाना प्रकारचे जीव का निर्माण केले? त्यांचे उत्तर थोडक्यात असे : देवाचा चांगुलपणा इतका अफाट आहे की तो एकाच जिवातून प्रकट होऊ शकत नाही. एकात जे कमी पडते ते दुसऱ्यातून दिसावे, म्हणून त्याने अनेक आणि विविध जीव घडवले. म्हणजे देवाच्या चांगुलपणाचे जे काही तुतवारातून दिसते, ते रोहितातून दिसत नाही. दुसरे विचारवंत योहान डन्स स्कोटस. ते संत फ्रान्सिसच्या संघाचे होते. त्यांनी म्हटले की प्रत्येक वस्तूला केवळ आपली जात नसते, तर ‘ही हीच आहे’ असे तिचे स्वतःचे वेगळेपण असते. केवळ चिमणी नव्हे, तर ही चिमणी. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक लिहिले, तेव्हा लूकमधल्या याच पाच चिमण्यांची आठवण करून दिली आणि प्रत्येक जिवाला देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे, हे आग्रहाने मांडले.

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून पुन्हा खाडीकडे पाहू. २०२२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी या परिसरातील सहा रोहितांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रे बसवली. त्या पक्ष्यांना त्यांनी नावेही दिली. एकाचे नाव सलीम, एकाचे हुमायून. लाखाच्या थव्यात ज्याला कोणी ओळखले नसते, तो आता ‘हुमायून’ झाला. कुठे गेला, कुठे उतरला, याची कोणीतरी वाट पाहू लागले. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, हे आपण नेहमी ऐकतो. मोजण्याची पुढची पायरी नाव घेणे, हे त्या अभ्यासकांनाही आपापल्या वाटेने उमगले असावे.

आणि एक दुःखद नोंद. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर एका विमानाची रोहितांच्या थव्याला धडक बसली. वस्तीत, रस्त्यावर गुलाबी पक्षी पडले. वन विभागाचे कर्मचारी आणि स्वयंसेवक अंधारात ते गोळा करत होते. आधी एक आकडा कळला, मग शोधता शोधता आणखी सापडत गेले. एकूण संख्या तीसच्या वर गेली. मेलेल्या पक्ष्याला बाजारात कसली किंमत? तरीही ती माणसे आणखी एखादा कुठे राहिला तर नाही ना, म्हणून शोधत राहिली. चिमणी जमिनीवर पडते तेव्हा देवबाप तिथे असतो, हे प्रभूचे आश्वासन आहे. पडणार नाही, असे आश्वासन तो देत नाही. हा भेद आपण नीट समजून घेतला पाहिजे. आपल्यापैकी ज्यांनी तरुण मुलगा गमावला, ज्यांच्या घरी दुर्धर आजार आला, त्यांना ‘देवाने का पडू दिले?’ हा प्रश्न छळतो. त्याचे सोपे उत्तर आमच्याकडे नाही. शुभवर्तमान इतके मात्र सांगते की ते पडणे अनाथ नाही. तिथे बाप आहे. त्याच बापाने वधस्तंभावर पुत्राचे पडणेही पाहिले.

कोणी म्हणेल, “फादर, माणसे उपाशी असताना पक्ष्यांचे कौतुक कशाला? अनेक चिमण्यांपेक्षा माणसाचे मोल अधिक, हे प्रभूनेच सांगितले ना?” हो, सांगितले. परंतु त्याच्या बोलण्याची रचना पाहा. आपल्याकडे तर्कशास्त्रात ज्याला कैमुतिक न्याय म्हणतात, तशी ती आहे : लहानाच्या बाबतीत जे खरे, ते मोठ्याच्या बाबतीत किती अधिक खरे! देव चिमणीला विसरत नाही, मग तुम्हांला कसा विसरेल? या युक्तिवादाचा पायाच चिमणी आहे. चिमणीची कोणाला पर्वा नाही असे आपण ठरवले, तर पुढचे वाक्य उभे राहण्यासाठी जमीनच उरत नाही. जो समाज पाचवी चिमणी हिशेबाबाहेर टाकायला शिकतो, तो हळूहळू पाचवा माणूसही हिशेबाबाहेर टाकायला शिकतो.

आपल्या चर्चच्या दारात एक मावशी मेणबत्त्या विकतात. त्यांना तुम्ही सगळे ओळखता. गेल्या वर्षी एका रविवारी मिस्सानंतर त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “फादर, तो निळ्या शर्टातला पोरगा तीन रविवार दिसला नाही.” कोणता पोरगा? मागच्या दाराजवळ उभा राहणारा, खाली मान घालून कम्युनियन घेणारा आणि कोणाशी न बोलता निघून जाणारा. मावशींना त्याचे नाव ठाऊक नव्हते. दर रविवारी तो एक मेणबत्ती घ्यायचा, इतकीच ओळख. त्यांनी आपल्या तरुणांना घेऊन भाड्याच्या खोल्या पालथ्या घातल्या. तो सापडला. झारखंडहून आलेला, बांधकामावर काम करणारा, मलेरियाने अंथरुणाला खिळलेला. खोलीतले सोबती गावी गेलेले, बोलायला कोणी नाही. तरुणांनी त्याला इस्पितळात नेले. तो बरा झाला. आजही तो मागच्या दाराजवळच उभा राहतो. पण आता जातायेता चार जण त्याला नावाने हाक मारतात. आम्ही मावशींना विचारले, “तुमच्या कसे लक्षात आले?” त्या म्हणाल्या, “रोजचं माणूस दिसलं नाही की जिवाला चैन पडत नाही, फादर.”

बंधुभगिनींनो, मावशींनी हातात कधी दुर्बीण धरलेली नाही. पण तुतवाराची ओळ त्यांनी रिकामी ठेवली नाही.

दूरवरून येणाऱ्या गुलाबी पाहुण्यांचे फोटो काढायला आपल्याला आवडते. पण दूरवरून आपल्या वाडीत पोटासाठी आलेल्या माणसाला आपण ‘भय्ये’, ‘भाडोत्री’ अशा एका शब्दात गुंडाळून टाकतो. परदेशी गेलेल्या मुलांची वाट पाहत मोठ्या बंगल्यात एकट्या राहणाऱ्या आजी, दारूमुळे घरच्यांनी टाकलेला भाऊ, परीक्षेत नापास झाल्यापासून घराबाहेर न पडणारी मुलगी, लग्न मोडल्यामुळे मिस्साला यायला संकोचणारी बहीण. यांपैकी कोणाची ओळ आपल्या वहीत रिकामी आहे?

या आठवड्यासाठी आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाने आपल्या विभागातील घरांची यादी काढावी, भाडेकरूंच्या खोल्यांसह. वर्गणीसाठी नव्हे. गेल्या तीन महिन्यांत कोण दिसले नाही, एवढेच पाहावे आणि त्याच्या दारी जावे.

दुसरी, आपल्या परिसरातील खाजण, मिठागरे आणि तिवरांवर कुठे भराव पडत असेल, तर डोळेझाक करू नये. दिवंगत फा. फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याबरोबर हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेली माणसे आजही आपल्या बाकांवर बसतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे. तक्रार करणे हा आपला अधिकार आहे आणि श्रद्धावंतांसाठी ते कर्तव्यही आहे.

तिसरी, येत्या जानेवारीच्या पाणपक्षी गणनेत आपल्या धर्मग्रामातील तरुणांनी आणि कॅटेकिझमच्या मोठ्या मुलांनी भाग घ्यावा. इच्छुकांनी मिस्सानंतर नाव द्यावे. पक्षी ओळखता आले पाहिजेत, अशी अट नाही. गप्प राहून पाहण्याची तयारी हवी. गप्प राहून पाहणे ही प्रार्थनेचीही पहिली पायरी आहे.

घाबरू नका, हा आजच्या शुभवर्तमानाचा गाभा आहे. आपण कोणाच्या तरी हिशेबात नाही, ही भीती माणसाला आतून पोखरते. ती भीती आपण एकमेकांच्या मनातून काढू शकतो, एकमेकांची आठवण ठेवून.

हे देवबापा, वर टाकलेल्या पाचव्या चिमणीलाही तू विसरत नाहीस. ज्यांना आम्ही मोजले नाही त्यांना पाहण्याची दृष्टी आम्हांला दे. ज्यांना कोणी नावाने हाक मारत नाही त्यांचे नाव आमच्या ओठांवर दे. आणि आम्ही पडू तेव्हा तू तिथे आहेस, हा विश्वास आमच्यात दृढ कर. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.

आपले,
धर्मगुरू